आठ तुकड्यांचं गाइड

दादू हिवाळे या माणसाने चौतीस वर्षं पुस्तकं शिवली आणि साठीला टेकल्यावर ती फाडायला घेतली.

विक्रोळीच्या एका गाळ्यात तो बाइंडर होता. दहावी-बारावीची गाइडं बांधायचं काम. स्वतःचं शिक्षण आठवीपर्यंत, पण मुंबईतल्या दोन पिढ्या आपल्या खळीच्या वासावर पास झाल्या असं त्याचं ठाम मत. कुठलंही पुस्तक हातात दिलं की तो आधी नाकाला लावतो, मग मधोमध उघडून त्याचा कणा मागे वाकवतो आणि डॉक्टरसारखा चेहरा करून निदान सांगतो, "हे सहामाहीपर्यंत टिकत नाही." माझ्या घरचा शब्दकोश त्याने असाच तपासला होता. सहामाहीपर्यंत टिकला नाही. वाकवल्यामुळे सुटला असं माझं म्हणणं आहे, पण दादूपुढे बोलायची सोय नाही.

लॉकडाउनमध्ये गाळ्याला कुलूप लागलं. कुलूप निघालं तेव्हा आतली मशिनं गेलेली होती. मालकाने समजावलं, दादू, गाइडं आता पोरं मोबाइलवर पीडीएफमध्ये बघतात. दादूने शांतपणे विचारलं, "त्याला पुठ्ठा कुठला लावतात?"

तेव्हापासून तो घाटकोपरला आमच्या संघमित्रा टेकडीवरच्या विहाराची अभ्यासिका सांभाळतो. विहाराच्या डोक्यावर पत्र्याची एक खोली, बाकं, दोन पंखे, एक कपाट. टेकडीवरची घरं दहा बाय बाराची. त्यात आई स्वयंपाक करते, आजी खोकते, टीव्ही कुणाचं ऐकत नाही, आणि बारावीला असलेल्या पोराने मोरीच्या कट्ट्यावर बसून अभ्यास केला तर भांडी घासायची वेळ होते. त्यामुळे इथे अभ्यासिकेतलं बाक मिळणं म्हणजे पोराला खोली मिळण्यासारखं आहे. दादूचं काम सकाळी सहाला दार उघडायचं, पाणी भरायचं आणि बोलणाऱ्याकडे बघायचं. ओरडायची गरज पडत नाही. त्याने चष्मा कपाळावर चढवून नुसतं बघितलं की पोरं पुटपुटायचीसुद्धा थांबतात.

तीन वर्षांपूर्वी तिथे बायोलॉजीचं एकच जाडजूड गाइड होतं आणि वाचणारी आठ पोरं. रोज भांडण. एक दिवस ओढाओढीत मुखपृष्ठ निघालं तसा दादू उठला, घरी गेला, आपली जुनी सुरी घेऊन आला आणि त्याने सगळ्यांदेखत गाइडाचा कणा चिरला. एक मुलगी तर किंचाळलीच. दादूचाही चेहरा उतरला होता. बाइंडरने पुस्तक फाडायचं म्हणजे शिंप्याने शिवलेला सदरा उसवायचा. पण त्याने आठ भाग केले, प्रत्येकाला जाड दोऱ्याने शिवलं, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे लावले आणि पाठीवर आकडे घातले. एक ते आठ.

मग नियम आला. प्रत्येकाकडे एक भाग, आठवडाभर. रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपला भाग शेजारच्याला द्यायचा. पोरांनी त्याला नाव ठेवलं, खो. आणि पोटनियम असा, की एखादा आला नाही तर त्याच्या पुढच्याचा हात रिकामा राहतो. ज्याचा हात रिकामा, त्याने उठायचं आणि न आलेल्याच्या घरी जाऊन भाग घेऊन यायचा. त्याशिवाय खो सुरू होत नाही.

या पोटनियमाने काय काय झालं ते सांगतो. एक पोरगा डेंग्यूने घरात पडला होता, आईबाप कामाला. भाग मागायला गेलेल्या मित्राने त्याला उचलून दवाखान्यात नेलं. एका मुलीच्या घरी रविवारी सकाळी पाहुणे बघायला आले होते. पोहे चालले होते. इतक्यात तिच्या पुढच्याचा, म्हणजे एका हडकुळ्या पोराचा आवाज दारातून आला, "पहिला भाग द्या, माझा हात रिकामा आहे!" नवऱ्या मुलाच्या काकांनी कौतुकाने विचारलं, "काय रे असतं बाळा पहिल्या भागात?" पोरगा सरळमार्गी. त्याने धड्याचं नाव सांगितलं. पहिला धडा वनस्पतींचा असतो, पण याला दुसराच आठवला. माणसांचं प्रजनन. पोहे तसेच राहिले. बाहेर आणखी सहा जण जिन्यात उभे होते, "अगं चल ना, दहा वाजून गेले!" मुलीने त्या वर्षी बारावी दिली. लग्न नंतर झालं, दुसऱ्या मुलाशी, आणि तोही बरा आहे.

दादूला मात्र त्या तुकड्यांची लाज वाटायची. कुणी पाहुणा अभ्यासिका बघायला आला की तो आठही भाग कपाटात लपवायचा. "यार, फाटक्यात पोरं शिकवतोय आपण," असं मला म्हणायचा. "एकदा तरी अख्खं पुस्तक द्यायचंय त्यांच्या हातात."

गेल्या वर्षीच्या आठ जणांत सुलक्षणा होती. सुगंधा आणि धोंडू खिल्लारे यांची मुलगी. सावळी, उंच, वेणी घट्ट, बोलणं कमी. बोलली की मात्र समोरचा चीत. बारावी सायन्सला होती आणि तिला नर्सिंगची पदवी घ्यायची होती. का, तर तिची आजी सरकारी दवाखान्यात वारली तेव्हा रात्रभर जागलेली नर्स तिने पाहिली होती. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांची लांबलचक इंग्रजी नावं ती इतक्या वेगाने म्हणायची की दादूला आरती चालू आहे असं वाटायचं. "परत म्हण गं," तो म्हणायचा, आणि ती उलट्या क्रमाने म्हणायची. बारावीला बसणं आणि चांगल्या मार्कांनी सुटणं, एवढ्या एका गोष्टीवर त्या घराचं सगळं लागलेलं होतं. दादूचं तर जरा जास्तच. टेकडीवरून अजून कुणी नर्स झालेली नव्हती, आणि दादूला आपलं ब्लडप्रेशर घरच्या माणसाने मोजावं अशी फार इच्छा होती.

सुगंधा अंधेरीला दागिन्यांच्या कारखान्यात मेणाच्या साच्यात बारीक खडे बसवायची. आमच्या टेकडीवरच्या पस्तीस-चाळीस बायका त्याच कामाला. सकाळी साडेसातला त्यांची रांग डबे घेऊन मेट्रोकडे उतरायची आणि तिच्यावर आम्ही घड्याळं लावायचो. गेल्या पावसाळ्यानंतर परदेशातल्या ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम गेला. मग आठवड्याचे तीनच दिवस काम. दिवाळीच्या आधी सुगंधाला सांगितलं, आम्ही फोन करू. हे वाक्य लग्नाच्या स्थळांत आणि नोकरीत एकाच अर्थाने वापरतात. दिवाळीनंतर रांग उतरेनाशी झाली. धोंडूचं रंगकामही थंडावलं, कारण ज्यांच्या भिंती रंगवायच्या त्यांनी भिंती आहेत तशाच ठेवायचं ठरवलं. तो मग घरातला एकुलता एक फोन भाड्याच्या मोटरसायकलला अडकवून घरपोच जेवण पोचवायला लागला.

याच दिवसांत दादू मला रस्त्यात भेटला आणि हात धरून म्हणाला, "झकास चाललंय! अभ्यासिका फुल्ल. मोठी माणसंसुद्धा येतात आता. लोक वाचायला लागले रे!"

मी वर जाऊन पाहिलं. खरंच जागा नव्हती. तीस-चाळिशीचे बाप्ये बाकांवर दाटीने बसले होते आणि सगळे मन लावून वाचत होते. सगळ्यांच्या हातात वर्तमानपत्राचं एकच पान होतं. 'पाहिजेत'चं.

पोरं भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

आणि मग निमेशभाईचं दुकान बंद झालं. स्टेशनजवळ शालेय पुस्तकांचं दुकान, तीस वर्षं जुनं. जूनमध्ये तिथे आत शिरायला कोपर वापरावं लागायचं. गेल्या जूनमध्ये निमेशभाई स्वतःच वाचत बसलेले दिसायचे. नवी गाइडं कोणी घेईना. क्लास बंद पडलेले, त्यामुळे क्लासच्या ऑर्डरीही नाहीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दादूला बोलावलं.

"दादूभाय, दुकान दिलं. मोबाइलच्या कव्हरवाला येते."

"अरेरे."

"अरेरे नाय करायचं. हे बघ. बारावी सायन्सचे सेट. आठ आहेत. लई जा, घेऊन जा."

"आठ?"

"आठच राहिले. रद्दीत घालायला जीव नाय होत. तुझ्या पोरांना दे. पण एक सांगतो, फाडायचं नाय हां! मला माहीत हाय तू काय करतो ते."

दादूने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. आठ कोरे सेट. कणा वाकवून बघायचंही त्याला सुचलं नाही. त्याने चौतीस वर्षांत लाखभर गाइडं बांधली असतील, पण एकही अख्खं गाइड कुणा पोराच्या हातात स्वतः दिलं नव्हतं. हातगाडी करून ती खोकी टेकडीवर आणली, रात्री बसून प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं आणि शर्मिष्ठाकडून प्रत्येकावर नावं लिहून घेतली. शर्मिष्ठा ही आठांतलीच, सुलक्षणाच्याच कॉलेजातली, तिचं अक्षर छापल्यासारखं.

रविवारी दहाला पोरं खो घ्यायला जमली, तर प्रत्येकाच्या जागेवर अख्खा सेट. सम्यक नावाचं एक नेहमी उशिरा येणारं पोरगं आहे, ते नेमकं त्या दिवशी लवकर आलं होतं. त्याने पुस्तक छातीशी धरून भांगडा केला. विहारात भांगडा. दादूने बघितलंही नाही. तो स्वतःच मनातून नाचत होता.

"ऐका!" दादू म्हणाला. "आजपासून खो बंद. ज्याचं त्याचं पुस्तक. रविवारी उठायची घाई नाही. झोपा लेकहो!"

सुलक्षणा थोडी मागाहून आली होती. आपलं पुस्तक घेऊन ती उभी राहिली.

"काका, म्हणजे रविवारी यायचंच नाही?"

"कशाला यायचं गं आता? आपण काय गरीब आहोत का?"

"बरं काका," ती म्हणाली. तरी जरा वेळ तिथेच उभी राहिली. दादू सम्यकला पुस्तकाचं कव्हर जपायला सांगत होता. तिने पुस्तक पिशवीत घातलं आणि गेली.

त्यानंतर ती अभ्यासिकेत आली नाही.

ती आली नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण त्याने कुणाचं काही अडलं नाही. शर्मिष्ठाला वाटलं, पुस्तक मिळालंय, घरी वाचत असेल. सम्यकला वाटलं, हुशार लोकांचं काय सांगावं. कॉलेजात तरी दिसली असती म्हणावं, तर बारावीला कॉलेजात कोण जातं? आणि दादूने तर मला सिद्धांतच सांगितला. "टॉपर माणसं परीक्षा जवळ आली की एकांतात जातात. ऋषीसारखी." मीही मान डोलावली. नव्या पुस्तकांकडे बघून सगळ्यांनाच बरं वाटत होतं.

जानेवारी संपत आला तेव्हा प्रॅक्टिकलं लागली. शर्मिष्ठा कॉलेजातून थेट अभ्यासिकेत आली. पायातली चप्पलही काढली नाही.

"काका, बॅचच्या यादीत सुलक्षणाचं नाव नाय."

"दुसऱ्या बॅचला असेल."

"चारही बॅच बघितल्या. सर म्हणाले, तिने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. नोव्हेंबरअखेर तारीख होती. लेट फी भरून डिसेंबरात पण घेत होते. तीही गेली."

दादू कॅलेंडरकडे गेला आणि नव्याच्या खाली टांगलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान त्याने मागे उलटलं. खो बंद केल्याचा रविवार त्याने बोटाने शोधला. त्यानंतर लेट फीची तारीख संपेपर्यंत त्या कॅलेंडरात तीन रविवार होते. त्याने ते पुन्हा पुन्हा बोटाने दाबून पाहिले, जणू दाबल्याने एखादा पुढे सरकेल.

घरी गेल्यावर त्याने शकुला सांगितलं. शकु म्हणजे दादूची बायको. विहाराच्या पायरीशी भाजी विकते आणि टेकडीवर कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला टोपलीतल्या मेथीवरून कळतं. तिने आधी ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला तेव्हाच बोलले होते," ती म्हणाली.

"कधी बोललीस?"

"नव्हते बोलले. पण बोलायला पाहिजे होतं. खिल्लाऱ्यांच्या घरातून दीड महिना कुणी भाजीला आलं नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुमची पोरगी ती."

"मला कसं ठाऊक असणार?"

"दर रविवारी ठाऊक असायचं की." शकुने विळी बाजूला सारली. "अहो, तुम्हाला वाटायचं तुम्ही पुस्तक फिरवताय. पुस्तक कसलं डोंबल्याचं! दर रविवारी पोरं मोजली जायची. एक कमी पडलं की सातजण दारात. ते तुम्ही बंद केलंत आणि वर पोरांना सांगितलंत, झोपा."

पुस्तक फाडल्याची लाज दादूला तीन वर्षं होती. न फाडल्याची आता सुरू झाली.

सुलक्षणा कामाला लागलीय, तिला रविवारी सुट्टी नसते, मंगळवारी असते, हे शकुनेच काढून आणलं. मंगळवारी दादूने कपाटातून जुना पाचवा भाग काढला. मेंदू, नसा आणि रोगराईचा. कडा मळलेल्या, पुठ्ठ्यावर अजून अर्धं 'केसर पेढे' दिसत होतं. मला म्हणाला, "चल. तू शिकलेला आहेस. तू बोल." मी शिकलेला म्हणून तिथे जाऊन काय बोललो ते आधीच सांगून टाकतो. काही नाही.

टेकडीच्या अगदी वरच्या टोकाला त्यांचं घर. दारात दोरीवर एक टी-शर्ट वाळत होता, पाठीवर कुठल्याशा पार्सल कंपनीची खूण. सुगंधा उंबऱ्यात बसून कार्डावर टिकल्या चिकटवत होती. मेणात हिऱ्याएवढा खडा बसवणारी बोटं ती. टिकल्या अगदी सरळ रेषेत होत्या.

"जय भीम. या ना भाऊ."

"जय भीम. कारखान्याचा फोन आला का गं?"

"येईल म्हणतात."

सुलक्षणा आतून आली. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. हसली. "काका, बसा. चहा टाकते. साखर कमी ना?"

"चहा नको. तू बस इथे."

ती बसली. दिवाळीत तिला अठरा पूर्ण झाली होती. याचा आनंद मतदार यादीला झाला की नाही ठाऊक नाही, भांडुपच्या गोदामाला झाला. अठराच्या खाली ते घेत नाहीत. आई घरी बसली, बापाचं कधी मिळतं कधी नाही, आणि महिना संपला की घरमालक येतो. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं. कुणी जाऊ नको असंही म्हणालं नव्हतं.

"काय काम असतं?" दादूने विचारलं.

"पाकिटं येतात पट्ट्यावरून. पिनकोड बघायचा आणि पिशवीत टाकायचं. सोपं आहे." आणि मग जरा खुलून, "काका, सगळे पिनकोड पाठ झालेत. विचारा."

"राहू दे."

"विचारा तर!"

"चेंबूर," दादू म्हणाला.

"चार लाख एकाहत्तर."

"आरे कॉलनी."

"चार लाख पासष्ट. सोपं विचारताय तुम्ही. मुलुंड पूर्व एक्क्याऐंशी, पश्चिम ऐंशी. लोकांना दोन-दोन महिने लागतात. मला नऊ दिवसांत आले. सुपरवायझर म्हणतो, तुझं डोकं कॉम्प्युटर आहे."

"आहेच," दादू म्हणाला. "फॉर्म का नाही भरलास, बाळा?"

तिने टिकल्यांचं एक कार्ड उचललं, खाली ठेवलं.

"तारीख कॉलेजच्या ग्रुपवर आली होती. फोन बाबांकडे असतो. ते रात्री येतात तेव्हा तो बंदच पडलेला असतो. मी बघितलं तोवर चार दिवस होऊन गेले होते. मग लेट फी होती, पण तेव्हा मी जायला लागले होते कामाला. नवीन होते, सुट्टी मागितली असती तर काढलंच असतं."

"मला सांगायचंस! मी गेलो असतो कॉलेजात. सातही जण गेले असते. वाट लावली असती आम्ही त्या ऑफिसची."

"सांगणार होते काका," ती म्हणाली. "रविवारी."

सुगंधाचा हात थांबला. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. मी शिकलेला माणूस, मी दोरीवरचा टी-शर्ट वाचत बसलो.

दादूने विचारलं, "पुस्तक कुठाय तुझं?"

"वर. प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलंय. उघडलं नाही. नवं आहे ना, खराब व्हायला नको." तिने माळ्याकडे बोट दाखवलं. "कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा. अख्खं आहे."

"ते राहू दे वर. हे घे." त्याने पाचवा भाग पुढे केला. "या वर्षाचं गेलं, ठीक. पुढच्या वर्षी बसायचं. कॉलेजात परत नाव घालू, मी येतो बरोबर. आठवड्याला एक भाग. तू वाच, मग मी पुढचा आणतो."

तिने तो घेतला. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं तिने त्या पेढ्याच्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि मधेच उघडला. मेंदूचं चित्र होतं, त्यावर कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा, बहुतेक तिच्याच. ती वाचायला लागली. ओठ हलत होते. एक पान झालं, उलटलं. दादूने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी दुसरीकडे मान वळवली.

दोन पानं झाल्यावर तिने भाग मिटला आणि परत त्याच्या हातात दिला.

"काका, नको. माझी रविवारी सुट्टी नसते. माझ्याकडे राहिला तर पुढच्याचा हात रिकामा राहील."

"अगं, आता कुणाचा हात रिकामा? सगळ्यांकडे पुस्तकं आहेत!"

"या वर्षी आहेत. पुढच्या वर्षी नव्या पोरांना लागेलच ना." तिने पुठ्ठ्याची निघालेली कड अंगठ्याने दाबून बसवली. "तेव्हा पाचवाच नसला तर ते कुणाकडे जाणार?"

"तू येणार आहेस ना पुढच्या वर्षी?"

"येईन की," ती म्हणाली. आग्रह करणाऱ्या पाहुण्याला आपण 'येऊ हं' म्हणतो, तसं. "चहा घ्याच आता. साखर कमी घालते."

आम्ही चहा घेतला. तो चांगला झाला होता.

फेब्रुवारीत सात जण परीक्षेला बसले. सम्यक पहिल्या पेपरला वेळेवर पोचला, ही टेकडीच्या इतिहासात नोंद करण्यासारखी गोष्ट, पण ती सांगताना कुणी हसलं नाही. दादूने नव्या वर्षासाठी खो परत सुरू करायचं ठरवलंय. त्यासाठी पोरं आठ तरी हवीत, आणि अकरावी संपवून बारावीला बसणारी त्याने आतापर्यंत मोजली ती पाच भरली. बाकीच्यांच्या घरी जाऊन आला तेव्हा दोघं कामाला लागलेली होती आणि एक कुटुंब खोली सोडून वांगणीच्या पुढे कुठेतरी राहायला गेलं होतं.

मंगळवारी मात्र तो टेकडीच्या टोकाला जातो. कॉलेजात पुन्हा नाव घालायला काय काय कागद लागतात ते त्याने एका कागदावर शर्मिष्ठाकडून लिहून घेतलंय. सुलक्षणा प्रत्येक वेळी तो कागद नीट वाचते, हो म्हणते आणि परत देते. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा नेतो. एप्रिल गेला, मे गेला.

गेल्या मंगळवारी सुगंधाने दारातच सांगितलं की सुलक्षणाची सुट्टी बदलली, आता गुरुवारी असते.

"बरं," दादू म्हणाला, "गुरुवारी येतो."

गुरुवारी गेला. ती ओव्हरटाइमला गेली होती.